खाऊ आहे, पण वाट कुठे आहे?

मे महिन्यातली लखनौची दुपार. बाहेर लू वाहते आहे. लू म्हणजे उत्तर भारतातला तो अंग भाजून काढणारा कोरडा वारा. पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास. गोमतीनगर असो, अलीगंज असो की चौकातल्या जुन्या गल्ल्या, माणसं दारं-खिडक्या लावून कूलरसमोर बसलेली. आणि घरातला कुत्रा? त्याला उजाडताच फिरवून आणलं, आता ऊन उतरल्यावरच परत बाहेर. या वेळी डांबरी रस्त्यावर उतरला तर त्याच्या पंजाच्या गाद्या पोळतील. मग मधला एवढा मोठा दिवस त्याने करायचं तरी काय?

जेवायचं आणि झोपायचं, असं तुम्ही म्हणाल. पण एकदा घड्याळ लावून बघा. थाळीत वाढलेलं जेवण बहुतेक कुत्री दोन-तीन मिनिटांत चाटूनपुसून साफ करतात. झोप तरी किती काढणार? मग बाबांची चप्पल सापडते. उशीतला कापूस बाहेर येतो. दाराची कड कुरतडली जाते. घरातले ओरडतात, ‘काय उच्छाद मांडलाय याने!’ मला विचाराल तर त्या बिचाऱ्याला कामच मिळालेलं नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

आता तुमच्या कुत्र्याचे पूर्वज आठवा. लांडग्याला जेवण कधी थाळीत मिळतं का? तो मैलोन् मैल चालतो, जमीन हुंगतो, शिकार हेरतो, तिच्यामागे धावतो आणि बहुतेक वेळा हात हलवत, म्हणजे पंजे हलवत, परत येतो. मग पुन्हा प्रयत्न. प्रत्यक्ष खाणं हा त्याच्या दिवसाचा अगदी लहानसा भाग. शोधणं, झटणं, फोडणं, ओरबाडणं हाच मोठा भाग. आपण कुत्र्याला घरात आणलं, त्याला वेळेवर जेवण दिलं, माया केली. हे सगळं छानच झालं. पण त्याच्या दिवसातला तो मोठा भाग आपण नकळत काढून घेतला.

तो परत देण्यासाठी एक भन्नाट वस्तू निघाली आहे: खाऊ लपवून ठेवणारं कोडं. पोकळ रबरी खेळणं असतं, त्यात खाऊ ठासून भरायचा. भोक असलेला चेंडू असतो, तो ढकलला की एखादाच दाणा बाहेर पडतो. कापडाच्या शेकडो पट्ट्या लावलेली गोधडी असते, तिच्यात दाणे विखरून टाकायचे आणि कुत्र्याने नाक खुपसून ते हुडकायचे. सरकती झाकणं आणि छोटे खण असलेला पाटही असतो.

यातलं सगळ्यात प्रसिद्ध रबरी खेळणं ज्याच्यामुळे जन्मलं, तोही एक कुत्राच होता. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात जो मार्कहॅम नावाचे गृहस्थ राहत. त्यांच्याकडे फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड होता, पोलीस खात्यातून निवृत्त झालेला. फ्रिट्झला दगड चघळायची सवय. दगड! दात झिजत चालले होते. मार्कहॅमनी त्याला हाडं देऊन पाहिली, दुसरी खेळणी देऊन पाहिली, पण फ्रिट्झ आपला दगडांकडेच. एके दिवशी ते आपली फोक्सवॅगन गाडी दुरुस्त करत होते. सुटे भाग काढून ठेवत होते आणि फ्रिट्झ शेजारीच दगड चावत होता. त्याचं लक्ष वेधावं म्हणून ते एकेक भाग त्याच्याकडे टाकू लागले. त्यात एक रबरी तुकडा होता, गाडीला बसणारे हादरे शोषून घेणारा. फ्रिट्झने तो उचलला आणि सोडलाच नाही! टप्पा पडला की तो तुकडा वेडावाकडा उसळायचा, चावला तर दबायचा, पण तुटायचा नाही. त्या आकारावरून मार्कहॅमनी खेळणं घडवलं आणि १९७६ मध्ये कॉंग नावाने विकायला काढलं. पुढे १९९० च्या सुमारास स्वीडनमध्ये नीना ओटोसन या बाईंनी आपल्या कुत्र्यांसाठी सरकत्या खणांचे लाकडी पाट बनवायला सुरुवात केली. आज असे पाट जगभर मिळतात.

आता एक खरी शंका. आयता खाऊ समोर असताना कुणी कष्ट कशाला करेल?

हाच प्रश्न ग्लेन जेन्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांना पडला होता. १९६३ साली त्यांनी २०० उंदरांवर केलेला प्रयोग छापून आला. पिंजऱ्यात एका बाजूला खाऊने भरलेली वाटी, अगदी फुकट. दुसऱ्या बाजूला एक दांडी. ती दाबली की खाऊचा एक दाणा पडायचा. उंदरांना दांडी दाबायला आधीच शिकवलं होतं. आता शहाणा उंदीर काय करेल? वाटीवर ताव मारेल ना? पण बहुतेक उंदीर भरलेली वाटी शेजारी असतानाही दांडी दाबायला गेले! पुढे कबुतरं, पोपट, जिराफ अशा कितीतरी प्राण्यांमध्ये हे दिसलं. मांजरांनी मात्र वेगळं दाखवलं. कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये घरगुती मांजरांना हीच निवड दिली, तेव्हा बहुतेक मांजरांनी सरळ आयत्या ताटलीतलं खाल्लं. मांजर पाळणाऱ्यांना याचं मुळीच आश्चर्य वाटणार नाही.

आणि कुत्रा? तो मधला निघाला. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी २०२४ मध्ये पाळीव कुत्र्यांसमोर आयती ताटली आणि खाऊ लपवलेली गोधडी शेजारी शेजारी ठेवली. कुत्री गोधडीतलं हुडकून खायला तयार होती, पण कष्टाचं जास्त आवडतं असं काही त्यांनी दाखवलं नाही. म्हणजे ताटली समोर असेल तर ताटलीही चालेल, कोडंही चालेल.

मग कोड्याचा उपयोग काय? इथे मला सगळ्यात आवडलेले दोन प्रयोग सांगते.

पहिला गाईंचा. होय, गाईंचा! इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात हेगन आणि ब्रूम या शास्त्रज्ञांनी तरुण कालवडींना एक युक्ती शिकायला दिली: नाकाने एक फळी दाबायची, की फाटक उघडतं आणि पलीकडे खाऊ. काही कालवडींना फळीचा उपयोगच नव्हता, त्यांचं फाटक आपोआप उघडायचं. खाऊ दोन्ही गटांना सारखाच मिळत होता. पण ज्या कालवडींना ‘अरे, हे माझ्यामुळे उघडलं!’ हे उमगत होतं, त्यांच्या हृदयाचे ठोके शिकत असताना वाढायचे आणि त्या खाऊकडे जोरात झेपावत जायच्या. हा प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

दहा वर्षांनी स्वीडनमधल्या उप्साला इथल्या कृषी विद्यापीठात हाच खेळ बीगल जातीच्या १२ कुत्र्यांसोबत झाला. सहा जोड्या केल्या. जोडीतल्या एकाने यंत्र नीट चालवलं की दार उघडायचं. दुसऱ्यासमोर तसंच यंत्र होतं, पण दार त्याच्या करण्याने उघडत नव्हतं. जोडीदाराला जेवढा वेळ लागला होता, तेवढ्या वेळाने ते उघडायचं. दाराबाहेर बक्षीस दोघांना तेच. निकाल? स्वतः दार उघडणारी कुत्री जास्त शेपटी हलवत होती आणि पुढच्या फेरीला उत्साहाने आत शिरत होती. दुसऱ्या गटाला खोलीत न्यायलाच हळूहळू मनधरणी करावी लागू लागली.

पोट तर दोघांचंही भरलं होतं. आनंद मात्र ज्याच्या पंजाने काहीतरी घडलं, त्याचा मोठा होता. तुम्ही स्वतः सोडवलेल्या गणिताचं उत्तर बरोबर येतं तेव्हा काय वाटतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

लखनौत राहत असाल किंवा कधी गेलात, तर बनारसी बागेतलं प्राणिसंग्रहालय जरूर पाहा. प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीच्या निमित्ताने १९२१ मध्ये ते उभं राहिलं. आज त्याला अवधचा शेवटचा नवाब वाजिद अली शाह याचं नाव आहे. हा नवाब प्राण्यांचा भलताच शौकीन. इंग्रजांनी राज्य घेतल्यावर कोलकात्याजवळ मटियाबुर्जला राहायला गेला, तर तिथेही त्याने मोठं प्राणिसंग्रहालय उभारलं. लखनौच्या या बागेत हूलॉक गिबन हा ईशान्य भारतातला वानर राहत असे. त्याची ‘हुक्कू हुक्कू’ अशी हाक दूरवर घुमायची, म्हणून मुलं त्याला हुक्कू बंदर म्हणत आणि तो ओरडावा म्हणून ताटकळत उभी राहत.

गिबनचा इथे काय संबंध? मोठा आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हॅल मार्कोविट्झ हे शास्त्रज्ञ पिंजऱ्यात नुसत्या बसून राहिलेल्या गिबनांकडे बघून अस्वस्थ झाले. जंगलात हे प्राणी हातांनी झोके घेत फांद्यांवरून उडतात आणि इथे त्यांना जागेवर खाणं मिळतं! त्यांनी पिंजऱ्याच्या एका टोकाला कळ बसवली आणि खाऊ दुसऱ्या टोकाला. कळ दाबा, झोके घेत पलीकडे जा, खाऊ घ्या. गिबन पुन्हा झोके घेऊ लागले. आज भारतातल्या प्राणिसंग्रहालयांनाही प्राण्यांसाठी नुसती जागा आणि जेवण पुरत नाही, त्यांना करण्यासारखं काहीतरी द्यावं लागतं. अस्वलासाठी लाकडाच्या भोकांत मध लपवतात, माकडांसाठी फळं टांगून ठेवतात. तुमच्या घरातला चेंडू आणि ते मध भरलेलं लाकूड ही एकाच कुळातली भावंडं.

आता खेळण्याच्या पोटात डोकावू या.

भोकाच्या चेंडूची गंमत भोकाच्या मापात आहे. भोक दाण्यापेक्षा जेमतेम मोठं हवं. दाणा आडवा आला तर अडकतो, बरोबर उभा आला तरच पडतो. कुत्र्याने चेंडू ढकलला की कधी पहिल्याच फेरीत दाणा पडतो, कधी दहा फेऱ्या रिकाम्या जातात. पुढचा कधी पडेल हे सांगता येत नाही, म्हणूनच तो ढकलत राहतो. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर हे फार बारकाईने तपासलं होतं. बक्षीस कधी येईल याचा नेम नसला की प्राणी काम सोडत नाही.

डुलणारं खेळणं वेगळं. पाडलं तरी ते उठून उभं राहतं. तंजावरची डोलणारी बाहुली पाहिली असेल तर गुपित तुम्हाला कळलंच असेल. सगळं वजन तळाशी आणि तळ गोल. कलंडलं की वजन वर उचललं जातं, ते खाली येऊ बघतं आणि खेळणं सरळ होतं. त्या डोलण्यात एखादा दाणा भोकातून सटकतो.

पोकळ रबरी खेळण्यात एक जीवनमरणाची बारीकशी गोष्ट आहे. त्याला भोकं दोन हवीत, एक मोठं आणि टोकाला एक छोटं. एकच भोक असेल आणि कुत्र्याने आत जीभ घालून जोरात चाटलं, तर आतली हवा निघून जाते, बाहेरची हवा दाब देते आणि जीभ आत ओढली जाऊन अडकते. तुम्ही तोंडाने हवा ओढून पेला ओठांना चिकटवता ना, तेच विज्ञान. दुसऱ्या भोकातून हवा आत येत राहिली की हा धोका टळतो. खेळणं विकत घेताना आईबाबांना हे छोटं भोक आवर्जून दाखवा.

आणि गोधडी? तिचा सगळा खेळ नाकाचा. आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, तर कुत्र्याच्या नाकात वीस कोटींहून जास्त. तो सेकंदाला पाचेक वेळा हुंगतो. त्याच्या नाकपुडीच्या बाजूला चीर असते ती बघा. उच्छ्वास त्या चिरेतून बाजूला जातो, त्यामुळे समोरचा वास फुंकून उडून जात नाही. शार्लोट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या दोघींनी २०१९ मध्ये दाखवलं, की दोन आठवडे वास घेऊन खाऊ शोधण्याचा सराव केलेली कुत्री जास्त आशावादी झाली. हे मोजलं कसं? एका जागी ठेवलेल्या वाडग्यात नेहमी खाऊ, दुसऱ्या जागी कधीच नाही. मग वाडगं मधोमध ठेवलं. आत खाऊ असेल की नसेल? नाकाचा सराव झालेली कुत्री आधीपेक्षा लवकर त्या वाडग्याकडे जाऊ लागली. मालकाच्या शेजारी शिस्तीत चालण्याचा सराव केलेल्या कुत्र्यांमध्ये हा फरक दिसला नाही.

आता मी सांगणार आहे ते वाचून तुमचा कुत्रा तुम्हाला आणखी आवडू लागेल.

अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठात मोनिक उडेल यांनी २०१५ मध्ये एका बंद डब्यात सॉसेज ठेवलं. दोरी ओढली की झाकण निघे. माणसांत वाढलेल्या दहा लांडग्यांपैकी आठांनी दोन मिनिटांत डबा उघडला. वीस कुत्र्यांपैकी किती जणांनी? फक्त एकाने! बाकीचे काय करत होते? माणसाकडे बघत होते. पुढे कोलकात्याजवळच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि उडेल यांच्या गटाने आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही असंच कोडं घातलं. मला वाटलं होतं, गल्लीतला कुत्रा स्वतःच्या हिमतीवर जगतो, तो नक्की झटेल. पण तो सगळ्यांत लवकर थांबला आणि माणसाकडे सगळ्यांत जास्त वेळ बघत राहिला!

यावरून कुत्रे ढ असं कुणी म्हणायला नको. हजारो वर्षं ते माणसाच्या सोबतीने वाढले. हलवायाच्या दुकानाबाहेर उभा असलेला लखनौचा देशी कुत्रा दुकानदाराचा चेहरा वाचतो. हात उगारला जाणार की पुरीचा तुकडा पडणार, हे त्याला आधी कळतं. कठीण डब्याशी झुंजण्यापेक्षा माणसाला विचारणं हा त्याने शोधलेला उपाय आहे आणि तो बऱ्याचदा चालतो. उडेल यांच्याच प्रयोगात माणसाने ‘शाबास, कर, कर!’ असा हुरूप दिल्यावर कुत्र्यांनी डब्याशी जास्त खटपट केली. म्हणून कोडं पुढ्यात टाकून निघून जाऊ नका. पहिले काही दिवस जमिनीवर त्याच्या शेजारी बसा. पहिलं कोडं इतकं सोपं ठेवा की नाक लावताच खाऊ मिळेल. मग हळूहळू अवघड करा.

विकतचं खेळणं नसलं तरी काही बिघडत नाही. जुना टॉवेल जमिनीवर पसरा, दाणे पसरून गुंडाळी करा. किंवा आईला विचारून आप्पेपात्र घ्या. खळग्यांत खाऊ ठेवा आणि एक सोडून एक खळग्यावर चेंडू ठेवा. चेंडू कुत्र्याच्या तोंडात पूर्ण मावणार नाही एवढा मोठा हवा, नाहीतर तो गिळण्याची भीती. पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाचे बोळे आणि त्यांत दाणे, हेही चालतं. फक्त पिना आणि चिकटपट्टी आधी काढून टाका. आणि खाऊ त्याच्या रोजच्या जेवणातलाच काढा, वर भर नको. नाहीतर कोडं सोडवता सोडवता कुत्रा गोलमटोल होईल.

लखनौच्या उन्हाळ्यासाठी एक खास बेत. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो धापा टाकतो आणि जिभेवरचं पाणी वाफ होऊन जाताना त्याला थंड करतं. म्हणून रबरी खेळण्यात बिनमिठाचं उकडलेलं रताळं किंवा थोडं साधं दही भरून ते फ्रीजरमध्ये गोठवा. लखनौशेजारच्या मलिहाबादचा दशहरी आंबा पिकला असेल तर चमचाभर गरही चालेल. पण कोय कधीच नाही, ती घशात अडकते. गोठलेला खाऊ चाटून संपवायला बराच वेळ लागतो आणि त्या वेळात लू कितीही वाहो, चपला शाबूत राहतात.

काही गोष्टी मात्र खेळण्यात चुकूनही भरू नका: चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण. चौकातला गलौटी कबाब कितीही मऊ असला तरी त्यात मसाला आणि कांदा-लसूण असतो, तो माणसांसाठीच ठेवा. पीनट बटर द्यायचं तर बरणीवरची यादी मोठ्यांकडून वाचून घ्या. काही प्रकारांत झायलिटॉल नावाचा गोडवा घालतात. तो कुत्र्याच्या जिवावर बेततो.

आता वही काढा. १८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी शास्त्रज्ञाने लाकडी खोक्यांची कोडी केली होती. आत मांजर किंवा कुत्रा, बाहेर खाऊ. दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडे. प्राण्याला सुटायला दर वेळी किती सेकंद लागले, हे तो लिहून ठेवी आणि त्याचा आलेख काढी. तुम्हीही काढा. आडव्या रेषेवर दिवस, उभ्या रेषेवर कोडं सोडवायला लागलेली मिनिटं. रोज तेच कोडं, तेवढाच खाऊ, तीच वेळ. रेषा उतरत उतरत सपाट झाली की कोड्यात एकच बदल करा, समजा टॉवेलला सैल गाठ मारा, आणि रेषा पुन्हा कुठवर चढते ते बघा. वहीत शेजारी आणखी एक रकाना आखायला विसरू नका. कोडं सोडवताना त्याने मान वळवून तुमच्याकडे किती वेळा पाहिलं, तो आकडा त्यात लिहायचा.